शब्दांचा शेजार

दिवाळीला घर भरते ते माणसांनी, हे खरे. पण अलीकडे माणसांबरोबर यंत्रेही पाहुणचाराला येऊ लागली आहेत. यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी पुण्याहून माझा भाचा आला, आणि त्याच सुमारास वैरागकडच्या आपल्या खेड्याहून एस.टी.ने आत्याही आली. आत्या आल्याशिवाय बार्शीच्या आमच्या घरात करंज्या तळायला घेत नाहीत, हा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची, भाचा सव्वीस वर्षांचा. तिची अक्षरओळख बेताची, आणि त्याचा तर सगळा धंदाच अक्षरांचा. शेजारच्या वाड्यातल्या गाय-वासराची पूजा आटोपली, अंगणात पणत्या लागल्या, आणि भाच्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. आत्या त्याच्याजवळ सरकली आणि म्हणाली, “काय करायलास रे बाळा?”

“आज्जी, वाक्यं शेजारी शेजारी बसवायलोय,” भाचा म्हणाला.

आत्याचे हे ‘करायलास’ आमच्या भागातले. पुस्तकी मराठीत ‘जेवायला’ म्हणजे जेवण्यासाठी. सोलापूर-बार्शीपासून लातूरपर्यंत ‘तो जेवायलाय’ म्हणजे तो जेवत आहे. भाचा पुण्यात वाढला असला तरी त्याची आई या घरातली. त्यामुळे त्याला आज्जीची भाषा कळते आणि बोलताही येते. त्याच्या यंत्राला मात्र ती कळत नव्हती, हे थोड्याच वेळात उघड झाले.

त्याने आम्हांला त्या यंत्राचा व्यापार समजावून सांगितला, तो मला समजला तसा सांगतो. बार्शीचे पृथ्वीवरील ठिकाण सांगायला अक्षांश आणि रेखांश असे दोन आकडे पुरतात. त्याचप्रमाणे प्रत्येक वाक्याचे अर्थाच्या प्रदेशातील ठिकाण आकड्यांनी सांगायचे. मात्र तिथे दोन आकडे पुरत नाहीत, शेकडो लागतात. सोनार खडा कोंदणात बसवतो तसे वाक्य त्या आकड्यांत बसवायचे, म्हणून या विद्येला ‘एम्बेडिंग’ असे नाव पडले. अर्थाने सारखी वाक्ये जवळ यावीत, निराळी दूर राहावीत, एवढीच अपेक्षा. २०१३ साली गूगलमधील संशोधकांनी एकेका शब्दाला असे स्थान देण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. पुढे शब्दांवरून वाक्यांवर मजल गेली, आणि २०२० साली त्याच कंपनीच्या ‘लॅब्से’ नावाच्या यंत्राने मराठीसह १०९ भाषांची वाक्ये एकाच प्रदेशात बसवली. त्यात प्रत्येक वाक्याला ७६८ आकडे असतात. ‘पाऊस पडत आहे’ हे मराठी वाक्य आणि त्याच अर्थाचे तमिळ किंवा जर्मन वाक्य तिथे एकमेकांचे शेजारी होतात.

हा निव्वळ बुद्धीचा खेळ नव्हे. आज एखादा शेतकरी फोनवर विचारतो की तुरीची फुले का गळतात, तेव्हा यंत्र आधी त्या प्रश्नाच्या शेजारी कोणता मजकूर आहे तो हुडकते आणि त्यावरून उत्तर देते. प्रश्नाला शेजार चुकीचा मिळाला तर उत्तरही चुकीचे मिळते.

हे ऐकून आत्याला गंमत वाटली. ती म्हणाली, “मग सांग बघू त्याला, आत्यानं दुखणं अंगावर काढलं म्हणून.” भाच्याने वाक्य टिपले. त्याच्यापाशी हजारभर वाक्यांचा साठा होता. त्यांतले सर्वांत जवळचे म्हणून यंत्राने जे वाक्य पुढे केले ते असे: ‘त्याने अंगावरचे कपडे काढले.’ आम्ही सगळे हसलो. आत्या तर डोळ्यांना पदर लावून हसली. त्या हसण्यापाशी मला शेवटी परत यायचे आहे.

वस्तुतः शब्दाला अर्थ कुठून येतो, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसकांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला. कुमारिल भट्टांच्या मते प्रत्येक शब्द आपापला अर्थ सांगतो आणि मग ते अर्थ जोडले जाऊन वाक्याचा अर्थ होतो. प्रभाकरांच्या मते शब्द सुटा काही सांगतच नाही, तो वाक्यातल्या इतरांशी जोडलेला असतानाच बोलतो. मूल भाषा कसे शिकते, याचे त्यांच्या ग्रंथांतले उदाहरण ठरलेले आहे. वडील माणूस धाकट्याला म्हणतो, ‘गाय आण’. धाकटा गाय आणतो. मग म्हणतो, ‘गाय बांध’; मग म्हणतो, ‘घोडा आण’. बाजूला उभे असलेले मूल हे पाहते, आणि कोणता शब्द बदलला की काय बदलते हे ताडून ‘गाय’ कोणती आणि ‘आण’ म्हणजे काय ते शिकते. आजची यंत्रेही शब्द त्याच्या संगतीवरूनच ओळखतात. तेव्हा या वादात ती प्रभाकरांच्या बाजूला उभी आहेत असे म्हणायला हरकत नाही.

पण एक फरक आहे. मीमांसकांच्या मुलासमोर गाय होती. यंत्रासमोर गाय नाही. गायीविषयी कोणी काही लिहिले असेल तेवढेच आहे. म्हणजे जी भाषा पुष्कळ लिहिली गेली, तिच्या यंत्ररूपी मुलाला कोट्यवधी वडीलधारे. आणि जी ओसरीवर बोलली गेली पण कागदावर उतरली नाही, तिचे मूल पोरके.

मराठीची गणना कशात करावी? २०११च्या जनगणनेत मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही बार्शीतही पेढे वाटले. आणि तरीही इंटरनेटवरील विश्वकोशात, विकिपीडियात, इंग्रजीचे लेख सत्तर लाखांच्या आसपास, तर मराठीचे एक लाखाच्या आसपास आहेत. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या संशोधकगटाने २०२२ साली ‘महाकॉर्पस’ हा मराठी वाक्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. त्यात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत. काम मोठे आहे आणि त्याबद्दल त्या मंडळींचे ऋण मानले पाहिजे. पण त्यांतली बहुतेक वाक्ये बातम्यांची आहेत, कारण इंटरनेटवर मराठी सापडते ती मुख्यतः तिथेच. बातमीत मंत्री ‘प्रतिपादन’ करतात, पाणी ‘सोडण्यात येते’. दुखणे अंगावर काढणारी बाई बातमीत क्वचितच येते.

यापुढची अडचण अधिक खोल आहे. वाक्ये नुसती गोळा करून भागत नाही. कोणती दोन वाक्ये सारखी आणि कोणती वेगळी, हे यंत्राला कोणीतरी उदाहरणांनी शिकवावे लागते. अशा उदाहरणांचे मोठे संच आहेत ते इंग्रजीत. म्हणून ‘महा-एसबर्ट’ हे मराठी वाक्यांचे यंत्र याच गटाने २०२२ साली घडवले, तेव्हा इंग्रजी संचांची यंत्राकडून करवलेली भाषांतरे वापरावी लागली. ही गोष्ट त्यांनी उघड सांगितली आहे, आणि त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. पण परिणाम लक्षात घ्या. दोन मराठी वाक्ये एकमेकांच्या किती जवळ, याचा निवाडा मुळात दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या देशातील माणसांनी, त्यांच्या वाक्यांबद्दल दिलेला होता. आपण तो उसना आणला.

बार्शीकराला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियराने कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे आणली. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. गरीब मुलखाला परवडेल अशी ती गाडी होती आणि तिने बार्शीची बाजारपेठ उभी केली. पण बार्शीचा माल मुंबईला जायचा तर कुर्डुवाडीला उतरवावा लागे. हमालांच्या पाठीवरून तो छोट्या डब्यातून मोठ्या रुळांवरच्या डब्यात जाई. चढउतारीत थोडे सांडायचेच. आता ती छोटी गाडी गेली. या शतकाच्या पहिल्या दशकात रूळ रुंद झाले आणि मधली चढउतार संपली. लहान भाषेचा अर्थ मात्र अजून मोठ्या भाषेच्या कुर्डुवाडीला उतरवूनच पुढे पाठवला जातो. माल सांडला तर निदान पोत्याचे वजन कमी भरते. अर्थ सांडला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ही रीत यंत्रांनी काढलेली नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. प्रत्येक बोलीचा नमुना घ्यायचा तर तुलना कशी करणार? म्हणून त्यांनी बायबलातील उधळ्या पुत्राची एकच गोष्ट जागोजागच्या बोलींत उतरवून मागवली. युक्ती उत्तम होती. तिच्यामुळे शेकडो बोलींची नोंद राहिली. परंतु गोष्ट सर्वत्र एकच असल्यामुळे जे शब्द त्या गोष्टीला लागत नव्हते ते त्यात आले नाहीत. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत मोटेचे पाणी नाही, ज्वारीची मळणी नाही, की बाळंतिणीची खोली नाही. (ग्रियर्सन इतरही नमुने घेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.) सर्वांना एकाच मापाने मोजले की तुलना सोपी होते, आणि मापाबाहेरचे नजरेआड होते.

मी हे सगळे भाच्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, “मामा, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण दुसरी बाजूही बघा. लहान भाषेला एकटं सोडलं तर तिचं यंत्र उभंच राहत नाही. हिंदीचा, इंग्रजीचा आधार दिला की थोड्या मजकुरावरही ते चालायला लागतं. मोठ्या भाषेच्या शेजारी बसवणं हा अपमान कसा? आज्जीचं वाक्य चुकलं, पण शंभरांतली बरीच बरोबर येतात. आधार काढून घेतला तर ती शंभरच्या शंभर चुकतील.”

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पांगुळगाड्याला धरून मूल चालू लागले, तर पांगुळगाडा परक्या घरचा होता म्हणून कोणी रडत बसत नाही. अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसाला आपल्या बोलीत विचारून ज्ञान मिळत असेल, तर मधला मार्ग इंग्रजीवरून गेला की हिंदीवरून, याची चिंता त्याने का करावी? मला वाटते, आधार घेण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते निवाडा सोडून देण्यात. दोन गोष्टी सारख्या आहेत असे म्हणणे हे दिसायला मोजमाप आहे. पण तो एक अधिकारही आहे. तो ज्याने वापरावा त्याने ती भाषा जगलेली असावी, असा माझा आग्रह आहे.

याला आधार माझ्या गावातलाच आहे. १९८७ साली बार्शीत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत आली. शहरात अशी नोंद दवाखान्यांच्या कागदांवरून करता येते. खेड्यातला माणूस दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता, तर कागद कुठले? तेव्हा कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांत बसले, लक्षणे समजावून सांगितली, दुखणाइतांना रुग्णालयाची वाट दाखवली. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मोठी पाहणी झाली. तिच्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाचा वाटा होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात होत्या, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांची दखल जगाने घेतली. एका विषाणूची चाचणी एकदा केल्यानेही मृत्यू कमी होतात, हे तिच्यावरून दिसले.

चाचणी शास्त्राची होती. पण बाई चाचणीपर्यंत येते ती शब्दांच्या वाटेने. आमच्याकडे स्त्री म्हणते, ‘अंगावरून जातंय’. ‘अंगावर आलं’ म्हणजे कोणी चालून आले, ‘अंगावर घेतलं’ म्हणजे जबाबदारी पत्करली, ‘अंगावर पितं’ म्हणजे मूल अजून आईचे दूध पिते, आणि ‘अंगावर काढलं’ म्हणजे उपचार न करता सोसले. अक्षरे शेजारची, अर्थ गावे ओलांडून. उलट ‘अंगावरून जातंय’ आणि वैद्यकाच्या पुस्तकातले ‘अतिरिक्त रक्तस्राव’ यांत एकही शब्द सारखा नाही. पण ती दोन वाक्ये सख्खी शेजारीण आहेत. हा शेजार कोशात सापडत नाही, ओसरीवर बसून विचारल्यावर सापडतो. उद्या हीच बाई दवाखान्याऐवजी आधी हातातल्या फोनला विचारणार असेल—आणि कित्येकजणी विचारू लागल्याच आहेत—तर त्या फोनमागच्या यंत्राला हा शेजार कोणी सांगितला आहे काय, हा प्रश्न निव्वळ भाषाभिमानाचा राहत नाही.

इथवर आलो आणि मला माझीच अडचण दिसू लागली. मराठीवर अन्याय होतो म्हणून मी भाच्याशी तावातावाने बोलत होतो. पण दिवाळी सरली की आमच्या भागातल्या रस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांत तांड्यांवरची कितीतरी बंजारा कुटुंबे असतात. त्यांची गोरमाटी ही स्वतंत्र बोली आहे. २०११च्या जनगणनेत ‘लमाणी’ किंवा ‘लंबाडी’ ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक निघाले, आणि ते सारे ‘हिंदी’ या सदराखाली मोजले गेले. कोणीतरी कार्यालयात बसून ठरवले की ही त्यांची शेजारीण आहे, म्हणून तिच्याच घरात त्यांना बसवावे. आपल्या शाळांत त्यांची मुले येतात तेव्हा आपण तरी निराळे काय करतो? पहिल्या दिवशी गप्प बसलेल्या मुलाला ‘मराठी कच्चे’ असा शेरा मिळतो. इंग्रजीने मराठीला जे करू नये असे मला वाटते, ते मराठीने गोरमाटीला, वडारीला, कैकाडीला केले, आणि आत्याच्या बोलीलाही केले. माझ्या लहानपणी शाळेतून येऊन मीच आत्याचे ‘जेवायलाय’ सुधारत असे. ती बिचारी ओशाळून हसायची.

तेव्हा मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. भाषांना एका प्रदेशात आणून बसवावे. तो उद्योग मोलाचा आहे. पण लहान भाषेच्या माणसांकडून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, तुमच्यात सारखे काय आणि वेगळे काय, हे तुम्हीच सांगा. भाषांतरातून आलेला निवाडा तात्पुरता समजावा, तुमचा अखेरचा. दुसरी, ज्याला शेजार नाही असे तुमच्यापाशी काय आहे? त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवावी, आणि यंत्राला ‘कळले नाही’ असे म्हणायला शिकवावे. आजचे यंत्र कोणत्याही वाक्याला कोणतातरी जवळचा शेजारी हटकून देते. हेच त्यातले मोठे भय आहे. न कळल्याची कबुली माणसाला थांबायला लावते, आणि चुकीचा शेजार खात्रीने भलत्या दारात नेऊन सोडतो.

आता त्या हसण्याकडे वळतो. रात्री सगळे निजल्यावर मला ते वाक्य पुन्हा आठवले. ‘आत्यानं दुखणं अंगावर काढलं.’ यंत्राला त्याचा अर्थ कळला नाही म्हणून आम्ही हसलो होतो. मला तर अर्थ कळला होता. मग मी काय केले? हजार वाक्ये सोडून आत्याला हेच का सुचले, हे मी विचारले का? वर्षभर ती फोनवर म्हणत आली होती, ‘बरं हाय, चाललंय, अंगावर काढायलेय’, आणि मी ते वाक्य ‘बरी आहे’ या वाक्याच्या शेजारी बसवून टाकले होते. यंत्राने निदान पहिल्यांदाच ऐकले होते.

सकाळी ती चुलीपाशी बसली होती. मी पाट ओढून जवळ बसलो आणि विचारले, “आत्या, कधीपासून दुखायलंय?” तिने एकदा माझ्याकडे पाहिले—मी तिच्यासारखे बोललो म्हणून की विचारले म्हणून, ते मला ठाऊक नाही—आणि मग उन्हाळ्यापासूनचे सगळे सांगितले. भाऊबीज झाल्यावर तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त फार कमी झाले होते आणि गुडघे झिजले होते. औषध चालू आहे, आता चेहऱ्यावर तरतरी दिसते.

भाचा चार दिवस जास्त राहिला. दुपारी तो वही घेऊन आत्यापाशी बसे. तो दोन वाक्ये वाचून दाखवी, आणि ती सारखी की वेगळी ते आत्या सांगे. पहिल्या दिवशी ती लाजली; तिसऱ्या दिवशी कडक परीक्षक झाली. “न्हाय रे, ही दोन एक न्हाईत. ‘जीव लागला’ येगळं, ‘जीव टांगणीला लागला’ येगळं. लिव्ह तिथं.” शेजारच्या वाड्यात कामाला येणारी तांड्यावरची एक पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. आत्याने तिला आत बोलावले आणि भाच्याला म्हणाली, “हिलाबी इचार की. हिच्याकडं कसं म्हंत्यात?” भाच्याने वहीचे पान उलटले आणि नवे सदर आखले.